प्राजू शेजारच्या भिंतीवर

टीव्ही घ्यायला मला चार महिने लागले. आमची लेक प्राजक्ता नर्स म्हणून आयर्लंडला गेली, तिला निघायला तेवढेही लागले नव्हते.

ती गेल्यापासून फोनवर दिसायची, तळहाताएवढी. म्हणून मोठा टीव्ही घ्यायचा ठरवला. (बायकोला क्रिकेटचं कारण सांगितलं. तिनं ते ऐकून घेतलं, एवढंच.) कराडच्या दुकानात मी अकरा वेळा गेलो. ओएलईडी नावाच्या पडद्यात काळा रंग खरा काळा दिसतो. दुसऱ्या प्रकारात भर दुपारच्या उजेडातही चित्र लख्ख दिसतं. ठरेचना. दुकानदार दर वेळी पोपट नाहीतर चिरलेलं कलिंगड दाखवायचा.

"माणसाचा चेहरा दाखवा की," मी म्हणालो.

"कुणाचा, सर?"

आता काय सांगणार!

मलकापुरात आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक रिटायर्ड सुभेदार राहतात. प्रत्येक फेरीनंतर मी त्यांना दोन्हींचे गुणदोष समजावून द्यायचो. नवव्या फेरीनंतर त्यांनीच टीव्ही आणला. पासष्ट इंची, ओएलईडी.

"तुमी एवढा अभ्यास केलाय," ते म्हणाले, "त्यो वाया कशाला घालवायचा?"

शेवटी मीही तोच घेतला.

रविवारी दुपारी प्राजूचा व्हिडिओ कॉल आला. फोनवरचं चित्र टीव्हीवर घ्यायला गेलो, तर यादीत टीव्हीचं नाव दोनदा. मी वरचं दाबलं. आमचा पडदा काळाच राहिला. (खरा काळा.) फोनवर प्राजूचे ओठ हलत होते, पण आवाज गेला. त्यात भिंतीपलीकडे कुणी बाई मोठमोठ्यानं बोलायला लागली. मी भिंतीवर मूठ आपटली.

"सुभेदार, ती मालिका बारीक करा जरा. पोरगी बोलतीय आमची, तिचं काही ऐकू येईना."

पलीकडून उत्तर आलं, "आवं सर, तीच बोलतीया."

फोन हातात धरून आम्ही दोघं तसेच धावलो. सुभेदारांकडे विट्याचे पाहुणे आले होते. पोह्यांच्या बश्या हातात धरून सगळे आमच्या लेकीकडे बघत होते.

"टीव्हीनं परवानगी मागितली, मी ओके दाबलं," सुभेदार म्हणाले. "दारात आलेल्या पोरीला न्हाई कसं म्हणायचं?"

प्राजू भिंतभर झाली होती. बायको अगदी जवळ गेली. "डोळ्यांखाली काळं आलंय गं. झोपतेस का नीट?"

चार महिने 'मजेत आहे' म्हणणारी पोरगी खाली बघायला लागली. मग म्हणाली, "बाबा, एवढा मोठा टीव्ही मॅचसाठी घेतलात ना?"

"व्हय," मी म्हणालो. एका पाहुण्यानं पोह्यांचा चमचा खाली ठेवला. मी चष्मा काढला आणि डोळे पुसायला शर्टाचं टोक शोधलं, तेव्हा कळलं की आपण बनियनवर आलोय. मग बनियननंच पुसले.

तेवढ्यात माझ्या फोनची बॅटरी संपली आणि सुभेदारांचा टीव्ही आपल्या चॅनेलवर गेला. मला चष्म्याशिवाय ते कुठलं दिसायला! मी पडद्यापुढे जाऊन, आवाज शक्य तेवढा कडक करून बजावलं, "वेळेवर जेवत जा. आणि दिवाळीला ये बाळा, घर लय मोठं वाटतंय."

मी चष्मा घातला. समोर बातम्या देणारी बाई साखरेचे भाव सांगत होती.

सुभेदारांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "येईल सर," पडद्यावरच्या बाईकडे बोट करत ते म्हणाले, "पण हिला सुट्टी मिळाली पायजे."