वजन कसे उतरले, याचे दोन वाक्यांतले उत्तर

धर्माजी नाखवा दत्ताच्या टेकडीच्या पायऱ्यांवर आडवे पडले होते. त्यांची पत्नी हिराबाई त्यांचे डोके मांडीवर घेऊन बसली होती. त्यांच्या मचव्यावरचा एक खलाशी पंचाने वारा घालीत होता. मी देवदर्शन आटोपून खाली उतरत होतो. मला पाहताच हिराबाई ओरडली, "वैदबुवा, धावा! नाखवा उठतच न्हाय!"

मी त्या वेळी रेवदंड्यास वैद्यकी करीत असे. मिठाचा सत्याग्रह होऊन दोन-तीन वर्षे लोटली असतील. धर्माजी हे गावातले मोठे नाखवा, म्हणजे गलबतांचे मालक. त्यांचे तीन मचवे नारळ, सुपारी आणि कौले घेऊन मुंबईस जात. देह स्थूल, आवाज मोठा, मन मोकळे. गेली दोन वर्षे त्यांना मधुमेह होता.

मी पायरीवर बसलो आणि त्यांचा हात हाती घेतला. नाडी धावत होती. अंग गार होते, पण घामाने सदरा पिळून काढावा इतका भिजला होता. जबडा आवळलेला. डाव्या हाताची बोटे मधूनच झटका देत होती.

"ऊन लागले का?" मी विचारले.

"पौषात कसलं ऊन, वैदबुवा?" खलाशी म्हणाला. "मघाशी नाखवा वेड्यावानी बोलाया लागले. मला म्हनाले, शीड उतर. हितं कसलं शीड? मंग बसले आन् कलंडले."

"सकाळी प्रकृती कशी होती?"

"चांगली व्हती," हिराबाई म्हणाली. "कंपाउंडर आला, सुई टोचून गेला. मंग आमी चालत निघालो."

"खाऊन निघालात ना?"

तिने माझ्याकडे आश्चर्याने पाहिले. "खाऊन कसं? तुमीच सांगितलं न्हवं, दुपारपातुर पोटात कायबी घालायचं न्हाय म्हून?"

माझा हात त्यांच्या नाडीवर होता. तो मी तेथून काढला नाही, एवढेच.

आता मी काय सांगितले होते, ते सांगितले पाहिजे.

आदल्या वर्षापर्यंत मी स्वतःही चांगलाच स्थूल होतो. साष्टांग नमस्कार घालून उठताना मला खांब धरावा लागे. लोकांना लठ्ठपणावर लंघन आणि कुळथाचे कढण सांगणारा वैद्य स्वतः जिना चढताना थांबतो, हे मलाच लाजिरवाणे वाटू लागले. म्हणून सात महिने मी स्वतःस रोगी मानले. भात सोडून जवाची भाकरी धरली. भोजनाचे माप दर पंधरवड्यास थोडे थोडे कमी केले. प्रथम वेशीपर्यंत, मग चौलच्या पाखाडीच्या दगडी वाटेपर्यंत, आणि सहाव्या महिन्यात टेकडीच्या माथ्यापर्यंत चालू लागलो. न्याहारी सर्वांत शेवटी सुटली. रोज सकाळी स्वतःची नाडी पाहत असे. धोतराच्या निऱ्या दोन अधिक येऊ लागल्या, तेव्हा गावाच्या लक्षात आले.

मग प्रश्न सुरू झाले. त्या काळी माणूस वाळला की लोक आधी घाबरत. काहींनी मला क्षय झाल्याचे ठरवून टाकले. एका म्हातारीने माझ्या पत्नीस बाजूला घेऊन विचारले, "बाई, खोकला किती दिवस आहे?" थट्टा करणारेही होते. वखारीतले मुनीम म्हणाले, "वैद्यबुवांचे औषध वैद्यबुवांना लागू पडले, म्हणजे आता आम्ही घ्यायला हरकत नाही." आणि जे स्वतः स्थूल होते, ते खालच्या आवाजात विचारीत, "कसे केलेत हो?"

दिवसातून दहा वेळा हा प्रश्न येई. स्वतःच्या पोटाविषयी सविस्तर बोलणे मला संकोचाचे वाटे. सगळे सांगावे तर आत्मस्तुती होईल, असेही वाटे. म्हणून मी दोन वाक्यांचे उत्तर तयार केले. "काही नाही हो, सकाळी दत्ताच्या टेकडीवर जाऊन येतो आणि माध्यान्हीपर्यंत पोटात काही घालीत नाही. बाकी त्याची कृपा." यातले एकही अक्षर खोटे नव्हते. ऐकणारा हात जोडी. मला बरे वाटे.

हेच उत्तर मी मंगळवारी धक्क्यावर, आगबोटीची वाट पाहणाऱ्या पाच-सहा जणांना दिले होते. त्यांत धर्माजी होते. "माझंबी प्वाट उतरंल का वैदबुवा?" असे त्यांनी हसत विचारले. मीही हसून म्हटले, "श्रद्धा ठेवा." ते दुसऱ्याच्या औषधावर आहेत, हे मला ठाऊक होते. दुसऱ्याच्या रोग्याची चौकशी करायची नाही, असा माझा नेम होता. त्याला मी सौजन्य म्हणत असे. त्यात थोडा ताठाही होता. आणि आज गुरुवार होता. दत्ताचा वार पाहून त्यांनी आरंभ केला होता.

टेकडीवर माझ्यापुढे प्रश्न असा होता. मधुमेही माणूस बेशुद्ध झाला तर सामान्यतः ते शेवटाचे लक्षण समजत. अशा दोन रोग्यांच्या उशाशी मी बसलो होतो. दोघांचीही त्वचा कोरडी होती, जीभ लाकडासारखी झाली होती, श्वास खोल चालला होता आणि त्याला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. दोघेही गेले. त्या स्थितीत गोड देणे म्हणजे आगीत तूप घालणे.

पण येथे त्वचा भिजलेली होती. मी वाकून धर्माजींचा श्वास हुंगला. वास नव्हता. श्वास उथळ होता. सगळी लक्षणे उलट होती.

मग मला कंपाउंडरचे बोलणे आठवले. हा मनुष्य अलिबागच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करी आणि रोज सकाळी नाखवांस इन्सुलिनचे इंजेक्शन देई. ते औषध तेव्हा नवेच होते. बाटली मुंबईहून येई आणि ओल्या वाळूतल्या मडक्यात गार ठेवीत. स्वतःच्या पोटासाठी मात्र तो माझ्याकडून त्रिफळाचूर्ण नेई आणि "साहेबांना कळू देऊ नका" म्हणे. एकदा पुडी बांधताना तो म्हणाला होता, "ही सुई म्हणजे मोठी जोखीम, बुवा. टोचल्यावर अर्ध्या तासात रोगी जेवलाच पाहिजे. नाहीतर रक्तातली साखर पार उतरते, आणि मग साखरच द्यावी लागते." मी मनात हसलो होतो. मधुमेह्याला साखर! असल्या शास्त्राचे कौतुक ते काय करायचे?

आता त्या एका वाक्यावर आणि हाताला लागणाऱ्या घामावर मला निर्णय घ्यायचा होता. तर्क खरा असेल तर गोड हेच औषध. खोटा असेल तर मी माझ्या हाताने त्यांना विष देणार. डॉक्टर अलिबागेत, म्हणजे टांग्याने जाऊन येईपर्यंत दुपार टळणार. सकाळच्या फेरीला मी औषधाची पेटी नेत नसे. जवळ तांब्या आणि जपमाळ, दुसरे काही नाही.

"तुमच्याजवळ गोड काही आहे का?" मी हिराबाईस विचारले.

"गोड?" तिने पदराखालची टोपली मागे ओढली. "ह्यात द्येवाचा निवद हाय. गूळ-खोबरं आन् नारळ."

"गूळ द्या."

"वैदबुवा, डोकं ठिकानावर हाय का तुमचं? अलिबागच्या डाक्तरानं सांगितलंय, साखर न्हाय, गूळ न्हाय, क्येळंसुदीक न्हाय. दोन वर्सं मी घरात गोडाचा कन ठेवला न्हाय. आन् निवद अजून द्येवाला दावला न्हाय. उष्टा करू?"

तिचे दोन्ही आक्षेप योग्य होते. एक वैद्यकाचा, एक धर्माचा. जन्मभर मी हीच दोन बंधने लोकांना शिकवीत आलो होतो.

"हिराबाई," मी म्हटले, "यांनी सुई घेतली आणि अन्न घेतले नाही, म्हणून हे झाले. उपाशी राहायचे मी सांगितले. चूक माझी आहे. गूळ दिला नाही तर हे कदाचित उठणार नाहीत."

"आन् दिला तर?"

"उठतील, असे मला वाटते."

"वाटतं?"

"होय. खात्री नाही."

खलाशी म्हणाला, "काकी, द्या. नाखव्याचं तोंड निळं पडतंय."

"निवदाचं पाप?" तिने विचारले.

"देव वर आहे आणि त्याचा भक्त पायरीवर पडला आहे. नैवेद्य तेथपर्यंत न्यायला आपल्याला सवड नाही. मी येथूनच दाखवितो. दोष असेल तो माझा."

मी टोपलीवर पाणी फिरविले, माथ्याकडे पाहून हात जोडले आणि गूळ उचलला. हिराबाईने माझा हात धरला नाही. तिने डोळे मात्र मिटून घेतले.

खलाशाने पायरीवर नारळ फोडला. करवंटीत त्याच्या पाण्यात गूळ कालवून मी दाट काला केला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पातळ ओतणे घातक असते. ते श्वासनलिकेत उतरते. म्हणून त्यांना कुशीवर वळवून, बोट बुडवून बुडवून तो काला मी गालाच्या आत आणि हिरड्यांवर चोळू लागलो. घड्याळ नव्हते. डाव्या हाताने माळ ओढू लागलो.

एक माळ पूर्ण झाली. काही फरक नाही. हाताचा झटका उलट वाढला.

"जास्ती झालं व्हय?" हिराबाई म्हणाली. मी काला चोळीत राहिलो. मला ठाऊक नव्हते.

दुसरी माळ निम्मी झाली. श्वास हुंगला, वास नव्हता. पुन्हा बोट बुडविले. वरून उतरणारी दोन-चार माणसे थांबली. एक गृहस्थ म्हणाले, "यांना मधुमेह आहे ना? आणि गूळ?" खलाशाने त्यांना सरळ सांगितले, "तुमी फुडं व्हा."

दुसरी माळ संपता संपता धर्माजींच्या गळ्याची घाटी हलली. त्यांनी घोट गिळला. मी नाडी पाहिली. अद्याप जलद, पण तिच्यात जोर आला होता. तिसऱ्या माळेच्या आरंभी पापण्या थरथरल्या. मग त्यांनी जीभ ओठांवरून फिरविली, कपाळाला आठी घातली आणि घोगऱ्या आवाजात विचारले, "हिरे... मला ग्वाड कोन चारतंय? डाक्तर मारील न्हवं!"

हिराबाई रडत रडत म्हणाली, "गप खावा. वैदबुवा चारतायत."

त्यांना नीट गिळता येऊ लागल्यावर उरलेला गूळ आणि खोबरे दिले. खलाशी आणि पायथ्याच्या दोन डोलीवाल्यांच्या साहाय्याने त्यांना घरी आणले, आणि मी समोर बसून त्यांना भाकरी खायला लावली. खलाशास टांग्याने अलिबागेस पाठविले.

डॉक्टर तिसऱ्या प्रहरी कंपाउंडरला घेऊन मोटारीने आले. त्यांनी रोगी तपासला, सगळे ऐकून घेतले आणि कंपाउंडरकडे वळले.

"इंजेक्शन दिल्यावर पेशंट जेवतो की नाही, हे पाहायचे काम कोणाचे?"

कंपाउंडर खाली पाहत म्हणाला, "साहेब, नाखवा म्हणाले, तू टोच आणि जा."

"उद्यापासून तुला कामावर यायचे कारण नाही."

"डॉक्टरसाहेब," मी म्हटले, "त्याला काढू नका. उपवासाचा सल्ला माझा आहे."

"तुमचा? हे पेशंट माझे आहेत."

"म्हणूनच मी काही विचारले नाही. विचारायला हवे होते. आणि गूळ द्यावा हे मला सुचले, ते याने एकदा सांगितले होते म्हणून. आज रोगी वाचला, त्यात याचा वाटा आहे."

"तुझा वैद्यांशी काय संबंध?" डॉक्टरांनी कंपाउंडरला विचारले. त्याने माझ्याकडे केविलवाणे पाहिले. त्रिफळाचूर्णाचा उल्लेख मी केला नाही.

डॉक्टरांनी बॅग मिटली. मग म्हणाले, "जेवण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय या घरातून हलायचे नाही. कळले?" कंपाउंडरची नोकरी राहिली. हिराबाईने पुढच्या गुरुवारी नवा नैवेद्य नेला आणि मला बोलावले नाही. महिनाभर ती माझ्याशी तुटक बोले. तिचा तो अधिकार होता.

धर्माजी पुढे पुष्कळ वर्षे जगले. त्यांचे पोट मात्र फारसे उतरले नाही.

वैद्य रस्त्यात जे सहज बोलतो, तेही लोक औषध म्हणून घेतात. त्याची मात्रा आणि पथ्य सांगितलेले नसते, म्हणून ते अधिक जपून द्यावे, हे मी त्या दिवशी शिकलो. त्यानंतर कोणी वजनाविषयी विचारले तर मी म्हणत असे, "दवाखान्यात या. आधी तुम्ही कोणाचे काय औषध घेता ते सांगा, मग मी माझे सांगतो." नंतर आणखी सहा-सात प्रश्न असत. बहुतेक लोक तेवढ्यावरच परत जात.

पहिल्यांदा हे मी त्याच संध्याकाळी म्हटले. डॉक्टर मोटारीपाशी गेल्यावर थांबले, पोटावर कोटाची बटणे लावण्याचा प्रयत्न सोडून दिला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वैद्यराज, पण खरे सांगा. तुम्ही उतरवलेत कसे?"

"ओट्यावर बसा," मी म्हटले. "आधी आपण काय काय घेता, ते सांगा."

ते हसले, आणि मोटारीत बसून निघून गेले.