पेढ्यापुढं मिटलेलं तोंड

आमच्या निखिलची तीन स्थळं माझ्या तोंडामुळं मोडली. चौथं मोडायला आलं तेही माझ्या तोंडामुळंच, फक्त त्या खेपेला ते उघडत नव्हतं.

मी माधवनगरची. आमच्या ह्यांचा सांगलीत हळदीचा व्यापार, आणि माझा बोलण्याचा. पहिल्या ठिकाणी मी मुलीच्या आत्याला तिच्या वजनाचं कारण विचारलं (काळजीनं विचारलं होतं). दुसरीकडं मी आमटीत मीठ कमी आहे म्हणाले. तिसरीकडं काय बोलले ते मला आठवत नाही, निखिलला आठवतं.

चौथं स्थळ कवठे महांकाळचं. मुलगी सायली, साताऱ्यात दातांची डॉक्टर. निखिलनं गाडीत बसतानाच बजावलं, "आई, मला ती पसंत आहे, तिला मी पसंत आहे. तू फक्त हसायचं आणि पेढा खायचा. बोलायचं नाही."

"मी काय बोलते?" म्हटलं. निखिलनं गाडी सुरू केली.

आता माझ्या जबड्याचं सांगते. वर्षभर दर काही आठवड्यांनी उजव्या कानापुढचा सांधा ठणकायचा, सुजायचा आणि आपसूक बरा व्हायचा. मी कधी शेंगदाण्यांना दोष दिला, कधी गार वाऱ्याला, आणि उरलेला सगळा जाऊबाईंच्या नजरेला. ह्यांच्याकडं जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, हळद! त्याही सकाळी त्यांनी माझ्या गालाला थापली होती. तीनदा धुऊनही गाल पिवळाच राहिला.

वाटेत हे म्हणाले, "आमचं दादा सांगायचं, बैल घेताना दात बघावं आणि सून घेताना बोलणं." दादा म्हणजे माझे सासरे. मला तर बोलायचीच बंदी, तेव्हा तोंडाला काहीतरी काम हवं म्हणून मी चिक्की काढली. दुखत असताना. कानाजवळ कट्‌ झालं आणि जबडा जागच्या जागी अडकला. मी ब्रसुद्धा काढला नाही. सांगितलं असतं तर गाडी परत फिरली असती, आणि आईनं मुद्दाम केलं असं निखिलला वाटलं असतं.

दारात सायलीच्या आईनं माझा गाल बघितला. "ताई, हळद आधीच लावून आलासा व्हय?"

"जरा दुखतंय," मी म्हटलं. दात आवळून बोललं की मायेचं बोलणंसुद्धा भांडणासारखं ऐकू येतं. बिचारी दोन पावलं मागं सरकली.

पोहे आले. मी बशीत चमचा फिरवत बसले. सायलीचे वडील, आप्पा, म्हणाले, "पोहे आवडलं न्हाईत जणू."

"छान आहेत," मी गुरगुरले.

मग पेढे आले. मुलाच्या आईनं मुलीच्या आईच्या हातून पेढा खाल्ला की ठरलं, अशी आमच्याकडची रीत. सायलीनं साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे, एकेक लिंबाएवढा. मी सगळा जोर लावून तोंड उघडलं. त्या फटीतून विड्याचं पानसुद्धा दुमडून गेलं नसतं. पेढा दातांवर आपटला, फुटला आणि माझ्या मांडीवर पडला. सायलीच्या आईनं दुसरा पुढं केला, तो नेमका दुखऱ्या बाजूला लागला, आणि कळ आली तशी मी तोंड फिरवलं.

आप्पा हळूच म्हणाले, "मनात नव्हतं तर फोनवर सांगायचं, पावणं. पोरीला असं बसवायचं न्हाई."

निखिल माझ्याकडं बघत होता. रागानं नव्हे, डोळे भरून आले होते त्याचे. जबड्यापेक्षा ते जास्त दुखलं. जन्मभर नको तिथं बोलले आणि लेकाचा संसार वाचवायला एक शब्द धड फुटेना.

सायली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती सरळ आली, माझ्यापुढं बसली आणि कानापुढं दोन बोटं ठेवली. "उघडा. आता मिटा. काकू, पाळी पुढं-मागं व्हायला लागलीय का? त्या दिवसांच्या आसपास हे जास्त दुखतं?"

बाहेरच्या भरल्या सोप्यात, सगळ्यांदेखत! आप्पा पंख्याकडं बघायला लागले. आमचे हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले.

मी मान हलवली. वर्षभराचं मनात जुळवून बघितलं, तर खरंच होतं.

"बाईच्या अंगातली संप्रेरकं खाली-वर झाली की या सांध्याची सूज आणि ठणका वाढू शकतो," सायली म्हणाली. "इस्ट्रोजेनचा त्यात हात दिसतो. नेमकं कसं, ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. पण हा त्रास बायकांनाच जास्त होतो."

मी दुखणंच विसरले. कुठं ओटीपोट आणि कुठं कानापुढची जबड्याची खिटी! डोळ्याला न दिसणारं काहीतरी रक्तातून फिरतं काय, महिन्याच्या हिशेबानं इथं येऊन ठणकतं काय! आणि हे सगळं माझ्याच आत चाललेलं, मला पत्ता नाही. मी आपली जाऊबाईंच्या नावानं स्वतःवरून मिरच्या ओवाळतेय.

"म्हंजी हळदीनं न्हाई जाणार?" ह्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"शेकानं आराम पडेल, काका."

आप्पांनी पंख्यावरची नजर खाली आणली. मग म्हणाले, "आमची आई पन अशीच गाल धरून बसायची. आमी म्हणायचो, रुसलीया."

सायलीनं गरम पाण्यात पिळलेला टॉवेल लावला, हलक्या हातानं दाबत राहिली, आणि कट्‌ होऊन तोंड दोन बोटं उघडलं. तिनं स्वतः पेढ्याचा चुरा करून मला भरवला. निखिल नाक पुसत हसला. "आता मऊ खायचं," ती म्हणाली, "आणि त्या दिवसांत जरा कमी बोलायचं."

"हे तेवढं लिहून द्या, डॉक्टर," हे म्हणाले.

परतताना गाडीत माझ्या लक्षात आलं. स्वयंपाक येतो का, सकाळी कधी उठतेस, मी घरून आणलेला एकही प्रश्न विचारला गेला नव्हता. उलट निघताना सायलीनंच मला उजेडात नेलं, आ करायला लावलं, वरची ओळ बघितली, खालची बघितली, "एक दाढ किडलीय, बाकी चांगले आहेत," म्हणाली, आणि मग आत जाऊन आईला होकार सांगितला.

दादांचं खरं होतं, घेताना दात बघावेत. त्या दिवशी दावणीला मी उभी होते, एवढंच मला कुणी सांगितलं नव्हतं.