एरंडेलाच्या वासाचं तेल

लढाईवरून परतल्यापासून कृष्णात उभ्यानंच जेवायचा. भाकरी हातावर घ्यायची, वर चटणी टाकायची आणि अंगणात येरझाऱ्या घालत संपवायची. बायको बनुबाई वैतागून म्हणायची, "आवं, बसून दोन घास खावा की! कोन मागं लागलंय तुमच्या?"

मागं कोणीच नव्हतं. पण इटलीत मोटारसायकलवरून पलटणीचे निरोप पोचवलेल्या माणसाला ते कोण पटवणार? त्यातून एक सल होताच. भरतीला साताऱ्याला गेला तो परस्पर पुढं गेला, आईला भेटलाच नाही. तो परत यायच्या आत आई वारली. ते तो कोणापाशी बोलायचा नाही. पाय मात्र त्याला एका जागी ठरू देत नसत.

कडेगावात तो भाऊसो नावाच्या गुळाच्या व्यापाऱ्याची मोटार चालवायचा. मोटार कसली, म्हातारीच ती! चढ आला की धापा टाकायची आणि पेट्रोलच्या बरोबरीनं तेल प्यायची. कृष्णातचा सारा जीव त्या इंजिनाच्या आवाजात अडकलेला असे.

सत्तेचाळीसची दिवाळी तोंडावर आलेली. एका सकाळी राहीबाई धापा टाकत भाऊसोंच्या दारात आली. राहीबाई म्हणजे कृष्णातच्या आईची मैत्रीण. तिचा एकुलता एक आकाराम फौजेत होता. त्याची पलटण बेळगावहून काश्मीरकडं निघाली होती आणि तिची आगगाडी दुपारी कराड स्टेशनावर पाण्याला थांबणार होती. सांगलीच्या बाजारातून आलेल्या एका माणसानं हा निरोप तिला दिला होता.

"मला तेवढं पोराचं तोंड बघू द्या," ती म्हणाली.

भाऊसो मनानं मोठा माणूस. "गाडी ने म्हातारे, माझी ना न्हाई. पर इंजनात तेल न्हाई. उद्या सांगलीसनं डबा येतोय."

"उद्या काय रूळ बघाय जायाचं?" कृष्णात उसळला. "माझ्यापाशी हाय तेल."

धावतच जाऊन त्यानं घरातून डबा आणला. पलटणीतल्या त्याच्या गोऱ्या साहेबाला मोटारसायकलींच्या शर्यतीचा भारी नाद होता. मायदेशी जाताना तो साहेब शर्यतीच्या तेलाचा हा डबा कृष्णातला देऊन गेला होता.

भाऊसो कचरले. "फटफटीचं तेल मोटारीला चालतंय व्हय रं?"

कृष्णातनं झाकण उघडून डबा त्यांच्या नाकाखाली धरला. वास एरंडेलाचा! झालं, सगळ्यांच्या जिवात जीव आला. गावातल्या प्रत्येक बैलगाडीचा आस पिढ्यान्‌पिढ्या एरंडेलावरच फिरत होता. जे आसाला चालतं ते इंजिनाला का चालू नये? असा हिशेब आमच्याच मुलखात होऊ जाणे. इंजिनाच्या पोटात थोडं जुनं खनिज तेल तळाशी उरलं होतं, त्यातच कृष्णातनं डबा उपडा केला.

कराडच्या वाटेवरचा सुर्लीचा घाट उतरेपर्यंत मोटार अशी गुमान चालली की कृष्णात गालात हसला. मागं राहीबाई मांडीवर भाकरीचं फडकं आणि फराळाचं गाठोडं घट्ट धरून बसली होती. घाट संपला आणि इंजिनातून टक्‌ टक्‌ ऐकू आलं. आवाज वाढत गेला, बॉनेटमधून धूर निघाला, आणि एकदम करकचून मोटार जागेवर थांबली.

तो खाली घुसला, तळाचा बोल्ट काढला. फाटलेल्या दुधासारख्या गाठी मातीत पडल्या. दोन तेलांचं एकमेकांशी जमलंच नव्हतं.

"काय झालं रं?"

"मी माती केली, मावशी."

तेवढ्यात मागून कोंडीबा नावाच्या गाडीवानाची बैलगाडी आली, गुळाच्या ढेपा घेऊन स्टेशनाकडंच निघालेली. कृष्णातनं राहीबाईला उचलून ढेपांवर बसवलं. पण बैलांची चाल बघून त्याचा जीव खालवर होऊ लागला. चार पावलं तो गाडीबरोबर चालला, मग म्हणाला, "मावशी, तू ये. मी म्होरं जातो." आणि त्यानं धोतराचा काचा मारला.

तो ऊर फुटेस्तोवर पळाला. बुडाखाली मोटारसायकल नव्हती, पण काम तेच होतं, निरोप पोचवायचं.

स्टेशनात गाडी उभी होती, इंजिन पाणी पीत होतं. कृष्णात डब्या-डब्यापाशी ओरडत सुटला, "आकाराम! आई येतीया! गुळाच्या गाडीत हाय!"

एका खिडकीतलं डोकं आत गेलं आणि खाकीतलं पोरगं दारातून उडी टाकून रस्त्याकडं पळालं. कृष्णात फलाटावर थांबला. इंजिनापाशी जाऊन पाण्याचा नळ बघायचा, परत रस्त्याकडं यायचा. नळ बाजूला झाला. शिट्टी झाली. गाडी हलली. तेव्हा कुठं आकाराम काखेत गाठोडं मारून पळत आला आणि चालत्या गाडीचा दांडा त्यानं धरला.

मग कोंडीबाची गाडी आली.

"भेटला?" कृष्णातनं विचारलं.

"हनवटी धरली त्याची. तवर शिट्टीच झाली." राहीबाई रडत होती आणि हसतही होती.

"तेल मी वतलं, मावशी. भाऊसो थांब म्हनत हुते."

"तेलातलं मला काय कळतंय?" तिनं फडक्यातून उरलेली भाकरी काढली. "ही तुझी. तू गेलास ना, तवा तुझी आईबी अशीच भाकरी बांधून साताऱ्याच्या वाटंला लागली हुती. मीच संगं हुते. फाट्यापत्तुर गेलो, पाय चालंनात, माघारी आलो. ती भाकरी तिनं कुनाला खाऊ दिली न्हाई."

कृष्णातला हे कोणीच सांगितलं नव्हतं. त्यानं भाकरी हातावर घेतली. सवयीनं दोन पावलं टाकली, मग परत फिरला आणि राहीबाईशेजारी फलाटावर मांडी घालून खाली बसला.

"खा सावकाश," राहीबाई म्हणाली.

त्यानं पहिला घास मोडला.