नोएलीनबाईंचा राहता पत्ता

पोस्टातून निवृत्त झाल्यावर नोएलीन पर्टेलबाई मानद जे.पी., म्हणजे ‘जस्टिस ऑफ द पीस’ झाल्या. काम काय, तर लोकांच्या शपथपत्रांवर साक्षीदार म्हणून सही ठोकायची, शिक्का मारायचा, तोही फुकट. दर गुरुवारी टूवूम्बा शहरातल्या एका मॉलमध्ये, चावीवाल्याच्या गाळ्याशेजारी त्यांचं टेबल लागे. एरवी दिवसाला चार माणसं यायची. जानेवारीत शाळा उघडायच्या आधी मात्र रांग पार चपलांच्या दुकानापर्यंत जाई.

कारण एकच. टेकडीवरच्या नावाजलेल्या सरकारी शाळेत हद्दीतल्याच मुलांना प्रवेश होता, आणि जानेवारी लागला की गावातले निम्मे आईबाप अचानक हद्दीत राहू लागत. कुणी मावशीकडे, कुणी दंतवैद्याच्या माडीवर. एकानं तर मैदानात चेंडू घरंगळवायच्या बोलिंग क्लबचा पत्ता लिहिला होता.

"झोपता कुठं तिथं?" बाईंनी विचारलं.

"हिरवळीवर. आपल्याकडे जानेवारीत उन्हाळाच ना."

"खोटं लिहिलंत तर तुरुंग आहे, बरं का! मी फक्त सही तुमचीच आहे एवढं बघते." त्या चष्म्यावरून बघत हे प्रत्येकाला सांगायच्या. लोक गंभीरपणे मान डोलवायचे आणि सही करायचे.

एका गुरुवारी रांगेतून त्यांची लेक ट्रूडी पुढं आली. राहते ती बारा किलोमीटरवर, कागदावर पत्ता मात्र बाईंच्या हद्दीतल्या घराचा.

"माझ्याकडे कधी राहायला आलीस गं?"

"आई, हळू बोल ना! नुसतं कागदावर."

"ब्रेटपण आलाय का कागदावर?"

"हो, आणि दोन्ही मुलं. फर्गसचं शाळेचं पहिलं वर्ष आहे. तिकडच्या शाळेत व्हायोलिन नाही."

"त्याला येतं व्हायोलिन?"

"येईल की!"

"लेकीच्या कागदावर मला सही करता येत नाही. आणि शाळेनं घरमालकीण म्हणून विचारलं, तर मी खोटं बोलायची नाही."

"मग होऊ दे नातवाचं वाटोळं!" ट्रूडीचे डोळे भरले. मागची रांग कान टवकारून ऐकत होती.

परक्यांच्या शेकडो थापांखाली बाईंनी बिनदिक्कत शिक्के मारले होते. पण आपल्याच स्वयंपाकघरात थाप राहायला येणार म्हटल्यावर त्यांना ते झेपेना. "मग खरंच या राहायला," त्या फटकन म्हणाल्या. लेक गप्प बसेल, असा त्यांचा हिशेब.

शनिवारी जावयाची गाडी दारात. फ्रिज, कुत्रा, मुलं.

"सासूबाई, ट्रॅम्पोलिन कुठं लावू?" ब्रेटनं विचारलं, आणि उत्तराआधीच ते जरबेराच्या वाफ्यावर टेकवलं.

शपथपत्र झालं, दुसऱ्या जे.पी.कडून, कॉलिनकडून. शाळेला तेवढं पुरलं नाही, विजेचं बिल ट्रूडीच्या नावावर हवं होतं. बाईंनी तेही करून दिलं. फर्गसला प्रवेश मिळाला.

ट्रूडी नोकरीला जायची, तेव्हा दुपारी त्याला आणायचं काम आजीकडे आलं. शाळेच्या ऑफिसातल्या पोरीनं गोड हसून मुलाला न्यायला येणाऱ्यांचा फॉर्म पुढं केला. "तुमच्या पत्त्याचा पुरावा?"

वीज ट्रूडीच्या नावावर. तिथल्या गाडीच्या लायसन्सवर पत्ता छापतच नाहीत. कौन्सिलचं घरपट्टीचं पत्र होतं, पण जुनं. तीन महिन्यांच्या आतलं हवं.

"अगं, ते घर माझं आहे!"

"असेल हो. शपथपत्र आणा ना, मॉलमध्ये एक बाई फुकट करून देतात."

बाई निमूटपणे कॉलिनच्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यानं कागद वाचला आणि हसून हसून त्याला ठसका लागला. "एकतीस वर्षं तिथं राहतेस तू! आता कुणाकडे राहतेस म्हणून लिहू?"

"लेकीकडे," बाई म्हणाल्या. "मार शिक्का लवकर."

ईस्टरच्या सुट्टीत ट्रूडीच्या कुटुंबानं आपल्या घरी परतायचं ठरलं होतं. रविवारी जेवताना ब्रेटनं बातमी दिली. "आमच्या घराला झकास भाडेकरू मिळालेत, सासूबाई. दोन वर्षांचा करार केलाय."

बाईंनी वाटाण्यांवर ग्रेव्ही ओतता ओतता हात थांबवला. चांगलं खडसावायचं त्यांच्या मनात होतं. पण धाकटी ऑलिव्ह त्यांच्या दंडावर डोकं टेकून झोपली होती. हात हलवला असता तर ती उठली असती.

"करार वाचलास का नीट?" त्या हळूच म्हणाल्या.