शंभर टक्के हजेरी

आणीबाणीच्या दिवसांत मी सोलापूरच्या एका कापड मिलमध्ये लेबर ऑफिसर होतो. वय सत्तावीस. मुंबईला राहून कामगार-कल्याणाची पदविका घेतलेली, त्यामुळे कामगार म्हणजे काय हे कामगारांपेक्षा मला जास्त कळतं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. मिलच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला माझी खोली. दारावर पाटी, टेबलावर काच, काचेखाली मी स्वतः आखलेले तक्ते.

मिलची तेव्हाची मोठी डोकेदुखी म्हणजे गैरहजेरी. ज्वारीची काढणी आली, गड्ड्याची जत्रा भरली, भाचीचं लग्न निघालं, की माणसं जी जात ती आठवडाभर फिरकत नसत. शहरात यंत्रमाग वाढत चालले होते. आमच्याकडे कंटाळलेला विणकर दुसऱ्या दिवशी तिकडे मागावर उभा असायचा. सगळ्यांत वाईट वार सोमवार. रविवारची सुट्टी बऱ्याच जणांना एका दिवसात पुरत नसे. त्यात देशभर शिस्तीचं वारं सुटलेलं. मुख्य कचेरीतून पत्रं येत, हजेरी सुधारा. कशी, ते पत्रात नसे.

मी आल्या आल्या एक सुधारणा करून टाकली होती. माझ्याआधी विणाई खात्यात माणसं घ्यायचा तो जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम. त्याच्या मनात आलं की माणूस आत. मी हे बंद केलं. सातवी पास असल्याचा दाखला आणल्याशिवाय कोणाला घ्यायचं नाही, असा नियम केला. जॉबर तेलुगू विणकर घराण्यातला, निवृत्तीला आलेला. नियम ऐकून तो एवढंच म्हणाला, "बरं सायेब. दाखला साचा चालवंल." साचा म्हणजे माग. मी तो होकार समजलो.

माझी दुसरी सुधारणा बक्षिसाची. वर्षभरात एकही खाडा नसलेल्या कामगाराचा जाहीर सत्कार, भिंतीवरचं घड्याळ आणि छापील मानपत्र. मॅनेजरसाहेबांना कल्पना आवडली. एक बडे पाहुणेही ठरले. राहिला प्रश्न तसा कामगार सापडण्याचा. दोन कारकून घेऊन मी मस्टर चाळायला बसलो, आणि चौथ्या दिवशी विणाई खात्यातलं एक तिकीट, म्हणजे एका कायम कामगाराचा नंबर, सापडलं. वर्षभर एकही खाडा नाही. काढणीत नाही, जत्रेत नाही, आणि एकाही सोमवारी नाही.

मी त्याला गुरुवारी खोलीत बोलावलं. पस्तिशीचा, किरकोळ अंगाचा, मिशा असलेला माणूस. केसांवर, भुवयांवर, मिशांवर कापसाची तुसं चिकटलेली. विणाई खात्यातून बाहेर येणारा प्रत्येक माणूस तसाच दिसायचा, एकाच वयाचा, नुकताच पीठ चाळून आल्यासारखा. मी मानपत्रासाठी माहिती विचारली. तो कुंभारीचा. घरी कन्नड बोलतात. बायको, दोन मुली, म्हातारी आई, थोडं कोरडवाहू रान. रोज सायकलनं येणं-जाणं. बोलताना मध्ये मध्ये थांबत होता. मला वाटलं, सत्काराच्या कल्पनेनं गहिवरलाय.

रविवारी बसून मी मानपत्र लिहिलं. झकास उतरलं होतं. सोमवारच्या हजेरीबद्दल तर मी एक स्वतंत्र परिच्छेद घातला. सोमवारी त्याला पुन्हा बोलावलं आणि समोर उभं करून मोठ्यानं वाचू लागलो. "आपली सुविद्य पत्नी आणि दोन कन्या यांच्यासमवेत आदर्श कौटुंबिक जीवन जगणारे आपण..."

"कुणाची बायकू, सायेब?"

"तुमची."

"माजं लगीन कुटं झालंय अजून?"

"अहो, गुरुवारी तुम्हीच सांगितलंत ना?"

"गुरुवारी अण्णा हुता की," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर त्यानं दोन्ही ओठ आत ओढून घेतले.

मी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. तुसांच्या आत चेहरा होता, आणि तो गुरुवारच्या चेहऱ्यासारखाच, पण पाच-सात वर्षांनी तरुण होता. हनुवटीवर एक व्रण होता, तो गुरुवारी नव्हता. निदान मला दिसला नव्हता. मी त्याला कामावर परत पाठवलं आणि जॉबरला बोलावलं.

"एका तिकिटावर दोन माणसं कामाला येतायत. तुम्हाला माहीत आहे?"

"म्हाईत हाय की. दोगं भाऊ हायती. सगळ्या खात्याला म्हाईत हाय."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तुमी कवा इचारलं?" तो म्हणाला. "खाडा पडला का, सायेब? साचा बंद ऱ्हायला का? कापड वाईट आलं का? मग काय सांगायचं तुमाला?"

फाटकावरचा कारकून तिकिटाचा नंबर बघायचा, तोंड बघायचा नाही. कार्डावर तेव्हा फोटो नसत. नियमांच्या पुस्तकात मात्र अगदी स्वच्छ लिहिलं होतं. दुसऱ्याच्या तिकिटावर काम करणं म्हणजे गंभीर गैरवर्तन, शिक्षा बडतर्फी. मी दुपारी टाइपिस्टला चार्जशीट सांगितली. त्याच्याकडे मानपत्रही टाइपाला होतं. संध्याकाळी त्यानं दोन्ही कागद एकाच फाइलमध्ये घालून आणून दिले. दोन्हींवर एकच नंबर होता.

चार्जशीट देण्याआधी चौकशी करावी, असं पुस्तकात होतं म्हणून पुढच्या रविवारी मी सायकल काढून अक्कलकोटच्या रस्त्यानं कुंभारीला गेलो. तिकिटाचा खरा मालक, म्हणजे थोरला, अंगणात बाजेवर बसला होता. पडला नव्हता, बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. मला बघून तो उठायला गेला आणि अर्ध्यात थांबला. श्वास खांद्यांपर्यंत वर येत होता.

"बसा बसा," मी म्हणालो. "काय होतंय?"

"दम लागतंय, सायेब. तीन वरीस झालं."

त्यानं सांगितलं ते असं. दिवसभर साच्यांवर उभं राहिलं की छाती जड होई. पण खरा त्रास सुट्टीनंतर. रविवारी मोकळ्या हवेत जरा बरं वाटायचं, आणि सोमवारी खात्यात पाऊल टाकलं की छातीला कोणीतरी दोर आवळल्यासारखं व्हायचं. मंगळवारपासून थोडं सैल. म्हणून सोमवारी धाकटा जायचा. पुढे पुढे मंगळवारीही. हल्ली थोरला आठवड्यातून दोन-तीन पाळ्याच करायचा. माझा सोमवारचा परिच्छेद माझ्या खिशात होता.

"दवाखान्यात का नाही गेलात? रजा मिळाली असती."

"किती दिसाची?" त्यानं विचारलं. "हे काय आठ दिसात बरं हुनारं हाय? खाडे पडलं की तिकीट जातंय, आन् घरात दुसरं तिकीट न्हाय."

"मग भावाला रीतसर कामाला लावायचं. बदली कामगार म्हणून."

धाकटा इतका वेळ खांबाला टेकून उभा होता. तो म्हणाला, "आल्तो की मी. दोन वरसं झाली. तुमीच परत धाडलं. चौथी झालीया म्हटल्यावर दाखला आन म्हनला."

मला तो आठवला नाही. आठवतो, असं खोटं तरी मी म्हणालो नाही. ज्या माणसाला मी नालायक म्हणून परत पाठवला होता, त्याच्याच कामाचा गौरव करायला मी पाहुणे बोलावले होते.

त्यांची आई आतून कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आली. मुलांशी कन्नडमध्ये काहीतरी बोलली. मी विचारलं, काय म्हणतायत? धाकटा जरा लाजला. "अव्वा म्हनती, नोकरीवरनं काडायला आलेला मानूस एवड्या उनात सायकलवर कशाला यील? खाऊन घ्या म्हनती."

मी खाल्लं. दुसरं काय करणार होतो?

सोमवारी मी दोन्ही कागद मॅनेजरसाहेबांपुढे ठेवले. साहेब जुने मिलवाले, कमी बोलणारे. त्यांनी आधी चार्जशीट वाचली, मग मानपत्र.

"मराठी चांगली आहे तुमची," ते म्हणाले. "पाहुण्यांना होकार कळवला ना?"

"हो. पण सत्कार कोणाचा करायचा?"

"तिकिटाचा."

"साहेब, हे गंभीर गैरवर्तन..."

"यंत्रमागवाले आमचे विणकर पळवून नेतात, आणि तुम्ही दोन तयार विणकर फाटकाबाहेर घालवताय. उद्या युनियननं विचारलं, अशी आणखी किती तिकिटं आहेत, तर सांगाल?" त्यांनी चार्जशीट खणात टाकली आणि खण लावून घेतला. "नाही सांगता येणार. मग विचारायची वेळ आणू नका."

मला धक्का बसला, असं लिहायला हवं. खरं म्हणजे मला हायसं वाटलं.

सत्कार पटांगणात झाला. थोरला धुतलेला शर्ट आणि टोपी घालून आला. मंचाच्या पायऱ्या चढताना दोनदा थांबला. पहिल्या रांगेतल्या कोणी तरी पटकन टाळ्या सुरू केल्या, त्या तो वर पोचेपर्यंत थांबल्या नाहीत. धाकटा विणाई खात्याच्या घोळक्यात उभा होता, तोही टाळ्या वाजवत होता. पाहुण्यांनी घड्याळ दिलं आणि भाषणाला उभे राहिले. राष्ट्र, उत्पादन, शिस्त झाल्यावर त्यांनी थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बंधूंनो, हा एकटा माणूस दोन माणसांचं काम करतो!"

विणाई खात्यात हशा फुटला. माणसं एकमेकांच्या अंगावर कोसळत हसत होती. जॉबर टोपी काढून तोंडावर धरून बसला. टाळ्या, शिट्ट्या, काही विचारू नका. पाहुण्यांना आपण इतकं प्रभावी बोलतो याची कल्पना नसावी. ते खुलले आणि आणखी वीस मिनिटं बोलले. थोरला मात्र हसला नाही. तो मान खाली घालून श्वास मोजत असल्यासारखा उभा होता. मी त्याच्या शेजारीच होतो, त्या श्वासाचा आवाज मला ऐकू येत होता.

त्यानंतर मी माझा सातवीचा नियम बदलून घेतला. दाखल्याऐवजी मागावर प्रत्यक्ष परीक्षा. धाकट्याची परीक्षा जॉबरनं घेतली, म्हणजे लांबून एकदा बघितलं आणि "हाय पास" म्हणाला. त्याला बदलीचं कार्ड मिळालं आणि दीडेक वर्षानं स्वतःचं तिकीट. थोरल्याला मी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी तपासून चिठ्ठीवर लिहिलं, विडी सोडा. त्यानं जन्मात विडी ओढलेली नव्हती. चार-पाच महिने अर्ज फिरवल्यावर त्याला घडी खात्यात, जिथे कापसाची धूळ कमी, तिथे हलकं काम मिळालं. आता त्याचे खाडे त्याच्याच नावावर पडू लागले. कचेरीतून मला विचारणा आली, की सत्कारमूर्ती कामगाराची हजेरी सत्कारानंतर एकाएकी इतकी का घसरली, याचा खुलासा करावा. मी तीन पानी खुलासा केला. त्यात सगळं होतं, फक्त कारण नव्हतं.

धाकटा तिकीट मिळाल्यावर वर्षभर टिकला आणि यंत्रमागावर गेला. सांगायला आला तेव्हा अवघडून उभा होता. मी म्हणालो, जा, चांगलं आहे. मनातून मला राग आला होता, आणि रागाचं कारण मला माझ्या कोणत्याही तक्त्यात घालता आलं नसतं.

थोरल्यानं त्यानंतर काही महिन्यांनी राजीनामा दिला. सही करायला माझ्या खोलीत आला. मी खुर्ची पुढे केली, तो बसला. फॉर्मवर एक रकाना होता, नोकरी सोडण्याचं कारण. मी विचारलं, काय लिहू?

"काय बी लिवा, सायेब. तुमी लिवाल ते बरं."

मी लिहिलं, कापसाच्या धुळीमुळे छातीचा विकार. त्यानं अंगठा नको म्हणून सावकाश सही केली, मला नमस्कार केला आणि फाटकापर्यंत मध्ये एकदा थांबून गेला.

आठवड्यानं फॉर्म मुख्य कचेरीतून परत आला. सोबत चिठ्ठी होती. कारण छापील कारणांपैकीच असावं. छापील कारणं तीन होती, निवृत्ती, दुसरी नोकरी, घरगुती अडचण. मी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग माझं वाक्य खोडलं आणि 'घरगुती अडचण' याच्यापुढे बरोबरची खूण केली. फॉर्म लगेच मंजूर झाला.