गट नंबरातली तिरपी रेघ

नव्या धानाच्या पोत्यांचा वास आला की मला आमच्या धानपट्ट्यातल्या गोरेगावजवळचं ते धान खरेदी केंद्र आठवतं. तिथल्या नोंदणीचा ऑनलाइन फॉर्म मी लिहिला होता आणि पहिल्याच दिवशी तो कितीतरी लोकांचे गट नंबर लाल अक्षरांत 'चुकीचा' म्हणून परत करत होता. रांगेतल्या एका बाईंनी आपला सातबारा माझ्यापुढं आपटला. "काऊन घेऊन नाही राहिला जी हा? याच बांधीत, चिखलात वाकून, मी जन्मभर धानाचा रोवणा केला, अन् हा म्हणते चूक!" मला नवल वाटलं, कारण घरी आमच्याच शेताचा नंबर टाकून मी फॉर्म तपासला होता आणि तो लगेच गेला होता. कागद पाहिला, तर त्यावर ४७/२ होतं. माझ्या नियमात फक्त आकडे चालत होते, मधली तिरपी रेघ नाही. "ही रेघ कशाची?" मी विचारलं. "दिरासंग हिस्से झाले नं, तवाची. तुमच्या घरी नाही झाले का जी?" "नाही," मी सहज म्हणालो आणि तिथंच बसून नियम बदलला. तेव्हा बाबा होते. आता भाऊ आणि मी आपापलं धान विकतो, आणि आमचा नंबरही त्याच नियमातून जातो, रेघेसकट.