‘थांबा’ म्हणायचं राहिलं

मुलगी पहिल्या बाळंतपणाला खोडदला आली ती लॅपटॉप घेऊनच. पुण्याच्या कंपनीत ती सॉफ्टवेअरचे आराखडे करायची. बाळ दीड महिन्याचं झालं आणि कंपनीतल्या एका आराखड्याच्या तपासणीची मीटिंग लागली. माणसं पुण्यात, बंगळूरला, जर्मनीत. आराखडा मात्र सगळ्यांच्या पडद्यावर एकच. ज्याला जिथं खटकेल तिथं त्यानं पिवळी चिठ्ठी लावायची. तिचीही एक चिठ्ठी होती.

भाकरी थापताना मी त्या चिठ्ठीचं विचारलं, तर म्हणाली, "आई, सगळा भार एकाच मशीनवर टाकायला निघालेत. आपल्या तिन्ही वस्त्यांचं पाणी एका मोटारीवर हाय ना, तसं."

"मोटार जळली की बसा बोंबलत."

"त्येच तर. तुला कळतंय, त्यांना न्हाई."

मीटिंग दुपारची. तिच्या मुद्द्याची पाळी आली आणि आत बाळ दूध ओकून ठसकायला लागलं. ती उठली. "हितं बस. माझं नाव घेतलं तर ‘थांबा’ म्हण, बास. गप राहिलं की होकार धरतात ते."

मी खुर्चीत बसले. पडद्यावर चेहरे नव्हते, नुसती नावं आणि आवाज. इंग्रजी चाललं होतं, त्यात तिचं नाव आलं. मग पुण्याचे साहेब मराठीत म्हणाले, "मॅडम, आहात ना? हरकत असेल तर बोला."

माझी जीभ हलेना. चौथीनंतर माझी शाळा बंद करायचं घरात ठरत होतं, तेव्हाही मी दाराआड अशीच उभी होते. साहेबांनी पुन्हा विचारलं. थोडं थांबले. "ठीक, होकार धरतो," म्हणाले, आणि तिची चिठ्ठी पडद्यावरून गेली.

ती बाळाला खांद्यावर घेऊन आली. पडदा बघितला, मला बघितलं. घाईनं बोलून पाहिलं तिनं, पण ते पुढच्या मुद्द्यावर गेले होते. ठरलेलं पुन्हा उघडायचं नाही, हा त्यांचा नियम.

दिवाळीला ती घरी आली होती, तेव्हाच ते मशीन बंद पडलं आणि सगळं काम ठप्प झालं. कागदावर तिचाही होकार होता. साहेबांचा फोन आला. मी चुलीपाशी ऐकत होते.

"नाही सर, मी तिथंच होते. माझंच लक्ष नव्हतं."

फोन ठेवून ती आत आली. "चहा टाक गं," एवढंच म्हणाली. मी आधण ठेवलं.